रेडिएशन दिलेल्या जागची त्वचा काही महिन्यांनी कडक होतेय. कॅन्सर परत आला असेल का?

तुम्ही लिहिलंय की आईंची स्तनाची गाठ काढून रेडिएशन झालं, ते संपूनही बरेच महिने उलटले, आणि आता त्याच बाजूची त्वचा लालसर-जांभळी होऊन कडक व्हायला लागली आहे. अँटिबायोटिक दोनदा घेऊन झालं, फरक नाही.

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. न तपासता निदान सांगणार नाही. पण अशा वेळी जंतुसंसर्ग आणि कॅन्सर परत येणं या दोन शक्यता सगळ्यांना सुचतात, तिसरी सहसा राहून जाते. ती म्हणजे मॉर्फिया, त्वचा कडक करणारा एक आजार.

यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या त्वचेवर उलटते आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, गरजेपेक्षा जास्त तयार होतं. एरवी हा आजार वर्षाला लाखात तिघांना होतो; स्तनाला रेडिएशन घेतलेल्यांत मात्र साधारण पाचशेत एकीला होतो, असं मानतात. किरणांमुळे त्वचेतली प्रथिनं बदलतात, शरीराला ती परकी वाटू लागतात आणि व्रण भरणारी यंत्रणा थांबायचं नावच घेत नाही, असा अंदाज आहे. बहुतेकदा वर्षभरात दिसतो, कधी कित्येक वर्षांनीही. रेडिएशनच्या डोसशी त्याचा संबंध आढळलेला नाही. म्हणजे 'डॉक्टरांनी जास्त दिलं असणार' हा घरोघरचा संशय इथे बाजूला ठेवा.

रेडिएशननंतर आतून येणारा कडकपणा, फायब्रोसिस, वेगळा. तो खोलवर असतो आणि किरण दिलेल्या भागातच राहतो. मॉर्फिया वरच्या थरात असतो, कडेला जांभळट झाक असते आणि तो कधी कधी त्या भागाबाहेरही पसरतो. तरी नुसतं बघून ठरवू नये, कारण कॅन्सर परत आला तरी त्वचा लाल होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसू शकते. म्हणून बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून लॅबमध्ये तपासणं, आणि तीही लवकर. तुकडा चरबीपर्यंत खोल घ्यायला हवा, आणि लॅबला जाणाऱ्या कागदावर 'या जागी रेडिएशन झालं आहे' असं ठळक लिहायला सांगा. ही त्वचा भरायला वेळ घेते. आईंना शुगर असेल तर आधीच सांगा.

फोड आले असतील तर गोष्ट निराळी. किरण दिलेल्या जागी बुलस पेम्फिगॉइडही होतो; यातही रोगप्रतिकारशक्ती त्वचेवर उलटते, पण फोड येतात. मग दोन नमुने लागतात: एक फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं द्रव), दुसरा फोडाशेजारच्या न फुटलेल्या त्वचेचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे त्वचेवर उलटलेल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. हा दुसरा फॉर्मॅलिनमध्ये पडला की वाया गेला. लॅबला आधी फोन करून कशात पाठवायचा ते विचारलेलं बरं.

मॉर्फियाच निघाला तर स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमसचं मलम, काहींना यूव्ही किरण, आणि पसरत असेल तर मेथोट्रेक्सेट, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध. यूव्हीला 'पुन्हा रेडिएशन' समजून घाबरू नका, ते वेगळं. पण यूव्ही असो की मेथोट्रेक्सेट, ठरवताना कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, म्हणजे औषधाच्या दुकानातही गोंधळ व्हायचा नाही.