डी.एल.एड. ला दोन वर्षं नेमकं काय शिकवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की बारावी आर्ट्स झालीय, डी.एल.एड. चा (म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा, पूर्वीचं डी.एड.) फॉर्म भरायचा विचार आहे, पण घरचे म्हणतायत पाचवीपर्यंतच्या पोरांना शिकवायला दोन वर्षांचा कोर्स कशाला, आणि ज्यांनी केलाय ते म्हणतायत नुसत्या फायली लिहायच्या असतात. मी हा कोर्स केलाय, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरच्यांचं चुकतंय. फायलीवाल्यांचं बऱ्यापैकी बरोबर आहे.

आधी गणिताचं सांगते. पहिल्या वर्षी आमच्या मॅडमनी तिसरीतल्या एका मुलाच्या वहीच्या पानाची झेरॉक्स सगळ्यांना वाटली. पानावर वजाबाक्या होत्या. ६२ वजा ३८ बरोबर ३६, ७१ वजा ४५ बरोबर ३४, ५० वजा २३ बरोबर ३३, सगळ्यांवर लाल फुल्या. मॅडम म्हणाल्या उत्तरं चुकलीयत ते मलाही दिसतंय, हाच मुलगा ८३ वजा ५७ चं उत्तर काय लिहील ते सांगा. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरनं एकजण म्हणाली ३४, आणि तेच त्याने खरंच लिहिलं होतं. तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, वर कुठला आणि खाली कुठला ते बघतच नव्हता. आणि हे त्याच्या मनाचं नाही हं, पहिलीत आपणच पोरांना सांगतो की लहानातून मोठी संख्या जात नाही, मग २ मधून ८ जात नाहीत म्हटल्यावर त्याने ८ मधून २ घालवले. त्याच्या हिशोबाने तो बाईंचं ऐकतोय.

आता अशा पोराला घरची माणसं काय करतील, अजून वीस वजाबाक्या देतील. तो वीसच्या वीस त्याच पद्धतीने करणार आणि ती चुकीची पद्धत आणखी पक्की होणार. कोर्समध्ये शिकवतात ते हे की आधी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखा, मग आईस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि म्हणा मला ३८ काढून दे. तो दोन सुट्या देतो, मग थांबतो, गठ्ठ्यांकडे बघतो, आणि बरीच पोरं न सांगता एका गठ्ठ्याचा रबर काढतात. तिथून पुढे फळ्यावर 'शेजारून एक उसना' का लिहायचा ते समजावणं सोपं जातं. हे दिसायला पोरखेळ वाटतो पण चुकीच्या उत्तरावरून मुलाचा नियम ओळखणं हे मला तरी बारावीच्या गणितापेक्षा अवघड गेलं.

दुसरा प्रकार अजून मजेशीर. पावणेदोनला अर्ध्याने भागा. केलं सगळ्यांनी, उलटा करून गुणायचं हे पाठ होतं, उत्तर साडेतीन. मग मॅडम म्हणाल्या यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. निम्म्या वर्गाने लिहिलं, पावणेदोन भाकऱ्या दोघा भावांत वाटल्या तर प्रत्येकाला किती. आता नीट बघा, हा दोनने भागाकार झाला, अर्ध्याने नाही, आणि प्रत्येकाला साडेतीन भाकऱ्या कुठनं येणार! पावणेदोन लिटर दूध अर्धा लिटरच्या पिशव्यांत भरलं तर किती पिशव्या लागतील, तीन पूर्ण आणि एक निम्मी, हे उदाहरण बरोबर. आम्ही सगळे दहावी-बारावी पास होतो, सायन्सवालेही होते. आपल्याला गणित करता येतं म्हणजे ते का होतं हे माहीत असतं असं नाही, आणि पाचवीतलं पोरगं नेमकं 'का' विचारतं. हे पावणेदोनचं उदाहरण घरच्यांना करायला द्या.

मराठीत शिकवणाऱ्याला एक जास्तीची अडचण असते ती म्हणजे संख्यांचं वाचन. सदतीस ऐकलं की आधी सात कानावर पडतो, मग तीस, म्हणून पोरगं ७३ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल, जोक, मीम्स, टीव्हीवर चर्चा. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की हे पोरांना सोपं जावं म्हणून आहे. ज्यांनी दुसरीचा वर्ग घेतलाय त्यांना तो मुद्दा लगेच कळला, बाकीच्यांना तो मराठीवरचा हल्ला वाटला. माझं मत विचाराल तर दोन्ही वाचनं शेजारी शेजारी चालतात, पोरं गोंधळत नाहीत, पालक गोंधळतात.

भाषेचंही असंच. अ आ इ ई पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं घोकून मग शब्दांकडे यायचं ही आपली जुनी सवय, त्यात पोराला पहिला वाचता येणारा शब्द भेटायला महिने जातात. कोर्समध्ये शिकवतात की चार-पाच अक्षरं आणि एखादा काना घ्या आणि त्याच दिवशी शब्द वाचू द्या. शिवाय आमच्याकडे वर्गात अहिराणी बोलणारी, भिली बोलणारी पोरं असतात, त्यांना पुस्तकातली मराठी ही शाळेत आल्यावर भेटलेली दुसरी भाषा असते. हा भाग मात्र आमच्या वेळी फार वरवर झाला, खरं तर तोच जास्त लागतो.

आता फायली. हो, खूप आहेत. पाठ टाचण (तास घेण्याआधी लिहायचा आराखडा), निरीक्षण वही, घटक चाचणी आणि तिचा संविधान तक्ता (कुठल्या भागाला किती मार्क ते दाखवणारा), कृतिसंशोधन, कार्यानुभव, वर चार्टपेपर आणि स्केचपेन. टाचणात एका रकान्यात शिक्षककृती आणि शेजारी विद्यार्थीकृती लिहायची, म्हणजे मी काय विचारणार आणि पोरं काय म्हणणार ते आदल्या रात्रीच लिहायचं. टाचणातली पोरं फार गुणी असतात, दरवेळी बरोबर उत्तर देतात आणि कुणाला शू लागत नाही. बऱ्याच मुली सिनियरची फाईल बघून उतरवतात, झेरॉक्सच्या दुकानातही तयार मिळतात आणि तपासणारेही जाड फाईलला मार्क देतात हे उघड गुपित आहे. पण टाचण प्रकारच फालतू आहे असं मी म्हणणार नाही. आज चाळीस मिनिटांनी पोराला काय यायला हवं आणि ते आलं की नाही हे मला कसं कळणार, ही दोन वाक्यं जरी स्वतःची लिहिली तरी टाचण वसूल. बाकीची पानं मार्कांसाठी.

सूक्ष्म अध्यापन म्हणून एक असतं, त्यात एकच कौशल्य घ्यायचं, समजा प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन, सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं बाकीच्यांनी काय चुकलं ते सांगायचं, बारा मिनिटांत पुन्हा आखणी, परत सहा मिनिटं शिकवणं आणि परत सहा मिनिटं प्रतिक्रिया, एकूण छत्तीस. समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी बसतात, एकोणीस वर्षांच्या मुली तिसरीतल्यासारखं 'होय बाई' म्हणतात, हसून हसून वाट लागते. फायदा एवढाच की फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय तिथेच मोडते.

खरं शिक्षण आंतरवासितेत, म्हणजे इंटर्नशिपला. एनसीटीईच्या (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था) २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. तिथे कळतं की मुलं कशी शिकतात ते सांगणारे पियाजे आणि वायगॉट्स्की पेपरात लिहिणं वेगळं आणि तीस पोरांपैकी दहाजणांना वाचता येत नाही, पाचजणांचं कधीच संपलंय आणि ते बाकावर चढलेत, हे वेगळं. चांगली शाळा मिळाली तर तिथल्या जुन्या बाई जे शिकवतात ते कुठल्याच पुस्तकात नसतं. वाईट मिळाली तर तुम्हाला फुकटचा माणूस समजून पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायला बसवतात.

आणि एक मोठी उणीव. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात साठ पटापर्यंत दोन शिक्षक हे गणित आहे, त्यामुळे खेड्यातल्या कितीतरी शाळा दोन शिक्षकी आहेत, पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या. आम्ही सगळे सराव पाठ मात्र एक इयत्ता, एक विषय, एक तासिका असेच घेतले. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन तेवढ्यात दुसरीचं गणित घ्यायचं हे नोकरी लागल्यावर शिकले. तुमच्या कॉलेजात बहुवर्ग अध्यापन कोणी नीट शिकवत असेल तर ते सोडू नका.

कागदोपत्रीचं पटकन. प्रवेश बारावीच्या मार्कांवर, खुल्या गटाला ४९.५ टक्के आणि राखीवला ४४.५ लागतात, आर्ट्स चालतं. 'सरळ बी.एड. कर' असा सल्ला देणारे भेटतील, त्यांना सांगा सुप्रीम कोर्टाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. नुसत्या डिप्लोमावर नोकरीही नाही, आधी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर एक (१५० मार्क, खुल्याला ९० हवेत), मग टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी २०० मार्कांची, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, आणि लागल्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक महिना १६,००० मानधनावर. भरती कधी निघेल याचा भरवसा नाही, २०१२ च्या सुमारास बंद झाली ती कितीतरी वर्षं, आणि गल्लोगल्ली निघालेली डी.एड. कॉलेजं ओस पडली ती त्यामुळेच. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय, दिल्ली विद्यापीठात १९९४ मध्ये चार वर्षांचं बी.एल.एड. सुरू झालं, तसंच काहीसं. जवळपास तो चार वर्षांचा एकात्मिक कोर्स मिळत असेल आणि घरून चार वर्षं जमत असतील तर मी आज तोच घेतला असता. नसेल जमत तर डी.एल.एड. करा आणि सोबत बाहेरून बी.ए. चालू ठेवा, सहावी ते आठवीचा रस्ताही मोकळा राहतो.

कॉलेज निवडताना इमारत आणि फी यांच्या आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि दोनच गोष्टी विचारा, इंटर्नशिपला कुठल्या शाळा देतात आणि तुमचा पाठ चालू असताना सर किंवा मॅडम पूर्ण तास मागे बसतात का. सही करून चहाला जातात असं कळलं तर दुसरं कॉलेज बघा. आमच्या जिल्ह्यात तरी डायटची (जिल्ह्याची सरकारी शिक्षक प्रशिक्षण संस्था) स्थिती खाजगीपेक्षा बरी आहे, तुमच्याकडे काय ते इथेच कमेंटमध्ये कोणीतरी सांगेल.