लोकरीची फुलं आणि अकरा दिवस

‘मुलगी हाताने वस्तू करते, छान करते. तिला त्या ऑनलाइन विकायच्या आहेत. करू द्यावं का? अभ्यासावरचं लक्ष उडेल, पैशाची चटक लागेल, असं हिचे बाबा म्हणतात.’ हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येत असतो, राखीपौर्णिमेच्या आधी तर हमखास. अशा वेळी मला मनवा आठवते. तिच्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे, नाव अर्थातच बदललं आहे.

मनवा बारा वर्षांची, सातवीतली. क्रोशाचं विणकाम आजीकडून शिकलेली. लोकरीची फुलं करून त्यांना किल्लीची कडी लावायची, राख्या करायची. आईने हौसेने इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं आणि सोसायटीतल्या काकवा, मावशीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी असं करत ऑर्डरी यायला लागल्या. आई तिला माझ्याकडे घेऊन आली ती मात्र वेगळीच तक्रार घेऊन. तीन महिने हातातून न सुटलेली सुई आणि लोकरीची पिशवी मनवाने माळ्यावर टाकली होती. चिडचिड करत होती, रात्री दिवा मालवू देत नव्हती. ‘पैशाने डोकं फिरलं, दुसरं काय?’ असं बाबांचं निदान होतं.

मनवाशी एकटीशी बोलले. म्हणजे बोलले असं नाही. माझ्या खणात लोकरीचा एक गुंडा आणि सुई असते, ती तिच्यापुढे ठेवली. तिने न विचारता लोकरीचं कडं केलं, त्यात खांबाचे टाके घालायला लागली. बारा घालायचे होते, अकराच झाले. उसवलं. पुन्हा घातले, पुन्हा उसवले. तिच्या मधल्या बोटाच्या आतल्या बाजूला सुईचा घट्टा पडला होता, त्यावरून ती अंगठा फिरवत होती. तिसऱ्यांदा उसवताना मान वर न करता म्हणाली, ‘एक जण म्हणाला, राखी तुझ्या हातात घालून फोटो पाठव. मी पाठवला. मग म्हणाला, चेहरापण दाखव. मग अजून काही काही म्हणाला.’

पुढचे फोटो तिने पाठवले नव्हते. पण मेसेज येत राहिले होते आणि ही गोष्ट पोटात ठेवून ती अकरा दिवस शाळेत जात होती, जेवत होती, भावाशी भांडत होती.

‘आईला का नाही सांगितलंस?’

‘बाबा म्हणाले होते, काही गडबड झाली की त्या दिवशी सगळं बंद.’

हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते आणि ते काळजीपोटीच म्हटलेलं असतं. पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की सांगितलं की आपलं आवडतं काम जाणार. मग ते सांगत नाही. मनवाला त्या माणसाची भीती वाटत होतीच, पण दुकान जाईल याची जास्त वाटत होती. पैशाची चटक म्हणाल, तर ती मला तिच्यात दिसली नाही.

तिला विचारून आईबाबांना आत बोलावलं. बाबांचा पहिला हात खातं उडवण्याकडे गेला. मी थांबवलं, कारण खातं गेलं की पुरावाही गेला असता. आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, त्या माणसाच्या खात्याचं नाव टिपलं, मग ब्लॉक केलं आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. (मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, तो नंबर फ्रिजवर लावून ठेवावा असाच आहे.)

मग एक गोष्ट लक्षात आली. इन्स्टाग्रामवर खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून आईने मनवाचं जन्मसाल मागचं टाकलं होतं. अगदी मागचं, म्हणजे ॲपच्या हिशेबी मनवा चोवीस वर्षांची बाई झाली होती. १८ च्या आतल्या मुलांना अनोळखी लोकांचे मेसेज अडवणाऱ्या ज्या सोयी मिळतात, त्या सगळ्या तिच्या हातून गेल्या. आईला हे ऐकून रडू आलं. दोष देण्यासाठी नाही सांगत, ही चूक फार घरांत होते.

पुढच्या बैठकीत आम्ही दुकानाची वाटणी केली. काय विणायचं, कोणत्या रंगात, आठवड्याला किती आणि कोणती ऑर्डर नको, हे मनवाचं. अनोळखी माणसाशी जे जे बोलायचं ते आईचं. खातं आईच्या नावाने, तिच्या खऱ्या वयाने. तसंही आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलाला कायद्याने करार करता येत नाही, त्यामुळे विकणारी आईच. फोटोत फक्त वस्तू, शाळेचा गणवेश नाही, खिडकीबाहेरची इमारत नाही. पैसे आईच्या यूपीआयवर. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’ म्हणणारा लुबाडायलाच आलेला असतो, हेही दोघींना करून दाखवलं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँकेत काढता येतं, तसं मनवाचं काढलं. तिचा हिशेब तिथे.

किमतीवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, कारण तिथेही एक दुखणं होतं. कोणीतरी लिहिलं होतं, ‘बाजारात असलं फूल चाळीसला मिळतं.’ मनवाने ते मनाला लावून घेतलं होतं. मी तिला घड्याळ लावून एक फूल विणायला सांगितलं. सव्वा तास लागला, लोकर आणि कडी धरून बारा रुपये. ती वहीकडे बघत राहिली, मग साठ खोडून नव्वद लिहिलं. ‘ज्यांना चाळीसचं हवंय त्यांनी बाजारातून घ्यावं,’ म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली.

अभ्यासाचं बाबांनी पुन्हा विचारलंच. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात ऑर्डर घ्यायची नाही, हे मनवाने आपणहून वहीत लिहिलं होतं. ते त्यांना दाखवलं.

‘गडबड झाली की बंद’ हे वाक्य बाबांनी माझ्यासमोर मागे घेतलं. अवघड गेलं त्यांना. ‘काहीही झालं तरी सांग. दुकान चालू राहील, बघायचं ते आम्ही बघू,’ असं म्हणाले आणि मनवाने ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

नवरात्रात आईचा फोन आला. मनवा ऑर्डरी लिहून घ्यायला आईचा मोबाइल बघत होती, त्यात एक घाणेरडा मेसेज होता. ती मोबाइल तसाच हातात घेऊन स्वयंपाकघरात आली, ‘आई, हा बघ काय म्हणतोय.’ ‘हात थरथरत होते हो माझे,’ आई सांगत होती, ‘पण गॅस बंद केला, तिच्याजवळ बसले आणि आधी म्हटलं, बरं झालं दाखवलंस.’ मग दोघींनी मिळून स्क्रीनशॉट काढला, ब्लॉक केलं, तक्रार केली. राहिलेल्या सहा फुलांना कड्या लावायच्या होत्या, त्या लावत बसल्या.