घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईने गारमेंट कंपनीत ऑपरेटरची नोकरी धरावी का? तिथलं काम कसं असतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की टेलरिंगचा कोर्स झालाय, काही वर्षं घरी ब्लाउज शिवताय, आणि जवळच्या एमआयडीसीत नव्या गारमेंट युनिटबाहेर 'शिलाई येणाऱ्या महिला पाहिजेत' असा बोर्ड लागलाय. जावं का, झेपेल का आणि सांगतात तेवढा पगार हातात पडतो का, हे तुम्ही विचारलंय. मी इचलकरंजीची. हेल्पर म्हणून लागले, मग ऑपरेटर झाले, आता एका युनिटात लाइन सांभाळते. त्यामुळे रोज डोळ्यांसमोर जे घडतं तेच सांगते.

जा. पण शिलाई येते म्हणजे काम सोपं जाईल ही समजूत घरी ठेवून जा.

घरी माप तुम्ही घेता, कापता तुम्ही, हुक-काजही तुमचेच. ब्लाउज नीट बसला तर गिऱ्हाईक तुमचं नाव घेतं. लाइनमध्ये शर्ट कुणा एकीचा नसतोच. एक बाई कॉलर शिवते, दुसरी उलटवून वरून टीप मारते, तिसरी बँड लावते, चौथी तो शर्टाला जोडते. कफवाली दिवसभर कफच लावते. पूर्ण बाह्यांच्या शर्टाची अशी तीस-चाळीस तरी कामं पडतात. तुम्हाला त्यातलं एक मिळेल आणि सुरुवातीचे काही आठवडे तेच राहील. घरून शिकून आलेल्या बायकांचा जीव इथंच उबतो. "एवढं येत असून मला नुसती बाजूची शिलाई मारायला बसवलंय," असं मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय.

दुसरा धक्का मशीनचा. सगळे सरसकट 'जुकी' म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. घरच्या मशीनचा वेग तुमच्या पायात असतो. इथलं सिंगल नीडल मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके टाकू शकतं. पेडलवर पाय जरा जास्त पडला की कापड हातातून निसटून पुढं जातं. जुनी क्लच मोटर असेल तर शिलाई चालू नसतानाही घूं-घूं आवाज येत राहतो. हल्ली बहुतेक ठिकाणी सर्वो मोटर आलीय, ती शांत असते आणि वेगही ठरवून ठेवता येतो. पाटी, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा फूट, उचलायला हात लावायचा नाही, गुडघ्याजवळच्या दांड्याने उचलायची. हे सगळं आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडतं, त्याची भीती नको. ट्रायलला, म्हणजे कामावर घेण्याआधीच्या चाचणीला, बहुतेक वेळा दोरा न ओवता रेघा आखलेल्या कागदावरून सुई चालवायला देतात. सरळ, कोपऱ्यातली आणि गोल अशा तिन्ही रेघा. कोपऱ्यावर नेमकं थांबता आलं की अर्धं काम झालं.

वेगाबद्दल मात्र सगळ्यांचाच गैरसमज असतो. नव्या बाईला वाटतं, मशीन जोरात पळवलं की टार्गेट होईल. प्रत्यक्षात एका पीसला जो वेळ लागतो, त्यातला पाव हिस्साभरच सुई चालत असते. बाकीचा वेळ बंडलमधून, म्हणजे कापलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यातून, तुकडा उचलणं, दोन कडा जुळवणं, पाटीखाली सरकवणं, दोरा कापणं आणि पीस बाजूला टाकणं यात जातो. म्हणजे चलाखी पायात नाही, हातात लागते. तुकडे कुठल्या बाजूला, कुठल्या तोंडाने ठेवलेत यावरसुद्धा तासाला पाच-दहा पीसचा फरक पडतो. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला प्रत्येक शिलाईनंतर कापड उचलून, ताणून बघायची सवय असते. घरी ती चांगली, इथं तिनेच पीस मागे पडतात. कधी शिलाई न शिकलेली, कोरी मुलगी महिन्याभरात टेलरबाईच्या पुढं जाते ती यामुळेच.

आता टार्गेटचं गणित. हे शिकून घ्याच, कारण ज्या बाईला हे येत नाही ती नुसती ओरडा खात बसते. प्रत्येक कामाला एक वेळ ठरवलेला असतो, त्याला 'सॅम' म्हणतात. कामाचा वेळ मोजणाऱ्या आयई (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) विभागाचं माणूस घड्याळ घेऊन मागं उभं राहतं ते त्यासाठीच. साध्या टी-शर्टाचा सगळा सॅम सहा-आठ मिनिटांपासून सुरू होतो, फॉर्मल शर्टाचा वीसच्या आसपास जातो. समजा कफ जोडायला पाऊण मिनिट धरलंय. म्हणजे शंभर टक्क्यांनी तासाला 80 पीस. नव्या ऑपरेटरकडून पहिल्याच आठवड्यात 80 कुणी मागत नाही, मागू नये. निम्म्याने सुरुवात होऊन पुढं साठ-सत्तर टक्क्यांवर गेलात की तुम्ही लाइनमध्ये बसलात असं समजा. सुपरवायझर "टार्गेट कुठंय?" म्हणाला तर रडू नका. सॅम किती धरलाय ते विचारा आणि मशीन किती वेळ बंद होतं, बंडल कधी आलं नाही, हे सांगा. मी स्वतः लाइन सांभाळते म्हणून सांगते, आकडा सांगणाऱ्या बाईवर आवाज चढवायला आम्हालाही जड जातं.

ही लाइन म्हणजे पंगत असते, एक वाढपी अडला की पुढची सगळी पानं तशीच राहतात. कॉलर जोडणारी एक जण सुट्टीवर गेली की पुढच्या दहा जणी रिकाम्या बसतात. म्हणून ज्या बाईला दोन-तीन मशीनवरची चार-पाच कामं येतात, तिला लाइनमध्ये खरी किंमत. या उत्तरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: पहिलं काम हातात बसलं की लगेच दुसरं मशीन मागा. सिंगल नीडलनंतर कडा बांधणारं ओव्हरलॉक, मग टी-शर्टाची घडी शिवणारं फ्लॅटलॉक किंवा फीड ऑफ द आर्म, म्हणजे शर्टाची बाजू आणि बाही एका दमात बंद करणारं मशीन. जेवणाच्या सुट्टीत पाच-दहा मिनिटं चिंध्यांवर हात फिरवू द्या म्हणावं. कॉलर आणि प्लॅकेट (पुढची बटणपट्टी) येणारी बाई गेटवर उभी राहिली तर तिला परत पाठवणारा एचआर मी अजून पाहिला नाही.

काही नियम सुरुवातीला येडेपणाचे वाटतील. प्रत्येक तुकड्यावर नंबराचा स्टिकर असतो आणि 17 नंबरच्या पाठीला 17 चीच बाही लागली पाहिजे. कारण एकाच रंगाच्या दोन रोलमध्ये छटा किंचित वेगळी असते. टेबलावर ते कळत नाही, पण शर्ट उन्हात घातला की बाही वेगळी दिसते. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून, कागदावर चिकटवून जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. तुकडा सापडला नाही तर आजूबाजूचे सगळे पीस बाजूला काढून मेटल डिटेक्टरमधून घालवतात. लहान मुलाच्या कपड्यात सुईचं टोक गेलं तर काय होईल, याचा विचार केला की त्या नियमाचा राग येत नाही.

त्रास सांगायचा तर मान आणि कंबर. बसायला पाठ नसलेलं बाकडं असेल तर तिसऱ्या महिन्यात कळतं. काळ्या, निळ्या कापडावर डोळे ताणतात, म्हणून चाळिशी लागली असेल तर चष्मा लाजून घरी ठेवू नका. बोटातून सुई जाते. रोज नाही, पण जाते. सर्वांत वाईट खोड म्हणजे बाथरूमला जायला लागू नये म्हणून पाणी न पिणं. त्याने बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग होतो, खाडे पडतात, आणि पीस वाचवण्याच्या नादात दिवस बुडतात. बाथरूमला जायला टोकन लागतं का, हे आधीच तिथल्या एखाद्या बाईला विचारून घ्या. त्यावरून कंपनी कशी आहे ते कळतं.

आणि दरवाजे बघा. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळे गारमेंटचे कामगार. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं. आपल्याकडचं युनिट एकमजली शेड असेल, पण मागचं दार कुलूपबंद आहे का, त्याच्यापुढं कापडाचे गठ्ठे रचलेत का, हे मी अजूनही कुठल्याही फ्लोअरवर गेले की आधी बघते.

पगाराचं आता. किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल असं वेगवेगळं असतं, परिमंडळाप्रमाणे बदलतं, आणि विशेष भत्ता जानेवारी-जुलैला सुधारतो. म्हणून आकडा माझ्याकडून घेऊ नका, चालू दर बघा. एक डाव मात्र ओळखून राहा. शिलाई येणाऱ्या बाईला "आधी तीन महिने हेल्पर" म्हणून घेतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून मशीनवर बसवतात. काम ऑपरेटरचं, पगार धागा कापणारीचा. तुम्हाला मशीन येतं, तेव्हा ट्रायल मशीनवरच द्या आणि हजेरीकार्डावर 'ऑपरेटर' लिहून घ्या.

बारा हजार म्हणाले तर बारा हजार हातात येत नाहीत. ती सगळी रक्कम बेसिक आणि भत्ता असेल तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440 आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये कापून 10,470 उरतात. महाराष्ट्रात बाईचा पगार महिना 25,000 पर्यंत असेल तर व्यवसाय कर नाही, तो कापला असेल तर विचारा. पीएफ कापतात म्हणून कुरकुर करणाऱ्या खूप भेटतात. तेवढीच रक्कम मालकालाही भरावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ईएसआय कार्डावर घरच्यांचंही औषधपाणी होतं. कंपनी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवा आणि दर वेळी पैसे काढून मोकळ्या होऊ नका, कारण पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने असतो. काही ठिकाणी तो साध्या दराने पाकिटात घालून देतात आणि स्लिपवर दाखवतच नाहीत.

आमच्या घरात वडील यंत्रमागावर होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये आला म्हणतात, आणि आजही गावातल्या निम्म्या घरांचं पोट त्या खडखडाटावर आहे. तिथं बायका कांडी भरणार, नाहीतर मेंडिंगला, म्हणजे विणलेल्या कापडातले दोष काढायला, बसणार. माग चालवणं पुरुषांकडं. मजुरी मीटरवर किंवा पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर), माग बंद तर मजुरी बंद. त्या मानाने गारमेंटमध्ये मशीन बाईच्या हातात असतं आणि वीज गेली तरी हजेरी पडते. माग आपोआप विणतो, एक माणूस कितीतरी माग बघतो. शिलाईत मात्र लुळं कापड धरायला, वळवायला अजून हातच लागतो. म्हणून हा धंदा जिथं हात स्वस्त तिथं सरकतो आणि म्हणूनच आपल्यासारख्या गावांत बोर्ड लागतात. याचं मला फार कौतुक नाही, पण बोर्ड लागलाय तर आपला भाव आपण लावून घ्यावा.

तुमचा घरचा धंदा सोडायचा का, हे गिऱ्हाइकांवर ठरवा. अस्तरचे, आरीकामाचे ब्लाउज बारा महिने येत असतील तर कंपनीत जाऊ नका, तुम्ही तिथल्या ऑपरेटरपेक्षा जास्तच कमवत असाल. पण काम लग्नसराई आणि दिवाळीलाच येत असेल आणि मधले महिने फॉल-पिकोवर निघत असतील, तर नोकरी धरा आणि रविवारी ओळखीच्यांचे दोन ब्लाउज शिवत राहा. दोन्ही पूर्णवेळ करायला जाऊ नका, मान धरते. आणि ज्या युनिटात पीस रेटवर ठेकेदाराकडून घेतात, पीएफ-ईएसआय काहीच नाही, तिथं घरीच शिवलेलं बरं. सोलापूरकडं युनिफॉर्मची कामं घरपोच मिळतात, तीही पीस रेटचीच, पण निदान पोरं डोळ्यांपुढं राहतात.

ट्रायलला जाताना आधार, बँकेचं पासबुक, कोर्सचं सर्टिफिकेट आणि आधी कुठं पीएफ कापला असेल तर तो यूएएन न्या. तुमची कात्री आणि टाचण्या नेऊ नका, गेटवरच ठेवून घेतात. आत धागा कापायचा छोटा कटर मशीनलाच दोरीने बांधलेला असतो.