मुंगीच्या पावलांनी

शेफील्ड, रविवार रात्र

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या मॉडेल इंजिनाचा व्हिडिओ तीनदा पाहिला. एकदा इंजिनासाठी, एकदा सांध्यासाठी आणि एकदा तुझ्या तर्जनीसाठी. इंजिन सांध्यावर, म्हणजे रूळ फुटून दोन वाटा होतात तिथे, येतं, थबकतं, तू त्याला हळूच ढोसतेस, ते दचकून चार इंच पळतं आणि पुढच्या सांध्यावर पुन्हा बसकण मारतं. खाली तुझा प्रश्न: "काका, जुन्या मालाच्या बाजारात फसले का?"

नाही फसलीस. रस्टन ४८ डीएस म्हणजे मॉडेल रेल्वेच्या या छंदातलं सगळ्यात हट्टी पोर तू घरी आणलंस, एवढंच. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी ते इंजिन काय आहे ते बघ, कारण उपाय त्यातच आहे. लिंकनच्या रस्टन अँड हॉर्न्सबी कंपनीचं हे यंत्र. ४८ म्हणजे अश्वशक्ती; आपल्याकडे उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर साधारण तेवढ्याच ताकदीचा असतो. वजन साडेसात टनांच्या आसपास, चाकं चार, आणि चाकांपर्यंत ताकद पोचते साखळीने. एखादी पिठाची गिरणी, गॅसचा कारखाना, बिअरचा कारखाना असल्या ठिकाणी दिवसभरात चार-सहा वॅगन इकडच्या तिकडे करायच्या, बस्स. ओओ स्केलमध्ये, म्हणजे ब्रिटिश मॉडेलांच्या नेहमीच्या मापात, ते ७६ पटींनी लहान झालं की आगपेटीहून जरासंच मोठं उरतं. दोन आसांमधलं अंतर अडीच सेंटिमीटरसुद्धा नाही.

वीज येते रुळांतून, चाकांवाटे. डाव्या रुळावर दोन चाकं, उजव्यावर दोन. फरशीवर चार पायांचं स्टूल ठेवलं की एक पाय लटकतोच, तसं एक चाक नेहमी किंचित अधांतरी असतं. त्याच बाजूचं दुसरं चाक नेमकं तेव्हा सांध्याच्या फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, आलं आणि तो फ्रॉग तुझ्याकडच्यासारखा प्लास्टिकचा असला, की खेळ खलास. मोठ्या इंजिनाला सहा-आठ चाकं असतात, कुठलं तरी एक वीज धरून ठेवतं. याच्याकडे राखीव गडीच नाही.

आता मला सांग, ती चपटी छोटी वॅगन कुठे आहे? हॉर्नबी या मॉडेल कंपनीच्या या इंजिनासोबत ती येते. व्हिडिओत नाही, म्हणजे खोक्यात पडली असणार. तुला ती खोटी वाटली असेल, खेळण्यातली पळवाट. मलाही वाटली होती. पण तिच्या चाकांमधूनही इंजिनाला वीज मिळते, आणि त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे खऱ्या रेल्वेतही असंच चालायचं. ब्रिटिश रेल्वेच्या लहान शंटरना, म्हणजे यार्डात वॅगन हलवणाऱ्या इंजिनांना, मुख्य मार्गाच्या आसपास जायचं असलं की सोबत एक चपटी वॅगन कायमची जोडलेली असायची. कारण ट्रॅक सर्किट. रुळांतून बारीकसा प्रवाह सोडलेला असतो; गाडीची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह मधल्यामध्ये वळतो, रिले पडतो आणि सिग्नलवाल्याला कळतं की इथे गाडी उभी आहे. इंजिन हलकं, आखूड आणि रूळ गंजलेले असले तर हा जोड नीट होत नाही. म्हणजे इंजिन रुळांवर उभं आणि सिग्नल केबिनमधल्या फलकावर मार्ग मोकळा! म्हणून ती वॅगन. तुझ्या टेबलावरच्या इंजिनाचा आणि खऱ्या इंजिनाचा आजार एकच आहे, बाळ. वॅगन बाहेर काढ आणि निःसंकोच जोड.

मग साफसफाई. रुळांना सँडपेपर अजिबात लावू नकोस. ओरखड्यांत घाण जास्त चिकटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती बनियनचा तुकडा पुरे. चाकांच्या कडा कापसाच्या काडीने पूस, काडी काळी यायची थांबेपर्यंत. चाकांना आतून टेकून वीज घेणाऱ्या पिकअपच्या पट्ट्या भिंगातून बघ. एखादी वाकून लांब गेलेली असते, चिमट्याने अलगद जवळ आण. फार दाबलीस तर ती ब्रेकचं काम करते. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.५ मिमी आहे का ते कॅलिपरने मोज. पुढचे सांधे घेशील ते धातूच्या फ्रॉगचे घे आणि फ्रॉगची वीज सांध्याबरोबर पालटेल असा स्विच लाव.

तुझ्या मैत्रिणीने डीसीसी डिकोडर (रुळांतून येणारा डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारा छोटा सर्किट) आणि कपॅसिटर घालायला सांगितलंय. घाल, पण शेवटी. क्षणभर वीज तुटली तरी कपॅसिटर इंजिन चालतं ठेवतो हे खरं. पण तो आधी घातलास तर दुखणं झाकलं जाईल आणि घाण, वाकडी पट्टी, चुकीचं अंतर सगळं तसंच राहील.

परीक्षा सोपी आहे. रुळाशेजारी ३० सेंटिमीटरची पट्टी ठेव. माणूस शेजारून चालेल अशा वेगाने, ताशी ४ किलोमीटरने खरं इंजिन गेलं, तर आपल्या स्केलमध्ये त्याला ती पट्टी पार करायला वीस सेकंद लागायला हवीत. घड्याळ लाव. तुझं आत्ता तीन सेकंदांत जातं, मी मोजलं. शंटरचं सगळं सौंदर्य त्या वीस सेकंदांत आहे. मुंगीच्या पावलांनी येऊन वॅगनच्या बफरला नुसतं टेकलं पाहिजे, वॅगन हलताही कामा नये. हे जमेपर्यंत रंगाचा ब्रश हातात घ्यायचा नाही, ही माझी अट समज.

दुसरा प्रश्न, यापुढे काय घेऊ? माझ्या कपाटात ४१ इंजिनं आहेत आणि त्यातली धड चालणारी सात. हे तुझ्या काकूला सांगू नकोस, तिला आकडा माहीत नाही. "मर्यादित आवृत्ती" असं खोक्यावर छापलं की मी घेत सुटलो होतो. तू एक धागा धर. तू राहतेस लीड्समध्ये. हन्स्लेटमधल्या जॅक लेनच्या आजूबाजूला हन्स्लेट इंजिन कंपनी, हडस्वेल क्लार्क, फाउलर असे कारखाने एकमेकांना खेटून उभे होते. तिथली इंजिनं जगभर गेली. हा धागा तुला बसने जाऊन बघता येतो. लीड्समधल्याच जुन्या मिडलटन रेल्वेवर जा. १९६० साली स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली तेव्हा पहिली गाडी ओढली ती हन्स्लेटच्याच १९३२ सालच्या डिझेल शंटरने, जॉन अल्कॉक नावाच्या. तिथे जे शंटर उभे दिसतील त्यांचे फोटो काढ, पण परवानगी विचारून, आणि तिरपे देखणे फोटो नकोत. छत, केबिनचा मागचा भाग, पायऱ्या, बफर-बीम, चाकांमागचा अंधार. मॉडेल करताना नेमकं तेच अडतं.

जुनं इंजिन घेताना चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, उजेडात तिरपं धरून बघ. जस्ताच्या ओतकामात भेसळ झालेली असली की काही वर्षांनी ते आतून फुगतं, भेगा पडतात आणि एक दिवस बिस्किटासारखं तुटतं. त्याला औषध नाही. मोटर जळलेली असली तर चालेल, ती बदलता येते.

आता बदल करण्याचं. पहिल्या प्रयोगासाठी ब्रिटिश रेल्वेच्या क्लास १४ या डिझेल इंजिनाचं मॉडेल घे असं मी सांगेन. कहाणीच तशी आहे. १९६४-६५ मध्ये स्विंडनला अशी ५६ इंजिनं बांधली, ६५० अश्वशक्तीची, जवळपासच्या मालगाड्यांसाठी. ती यार्डात येईपर्यंत ते कामच लॉरींनी पळवलं. ब्रिटिश रेल्वेने दशक संपायच्या आत ती काढून टाकली आणि कितीतरी कोळसा मंडळाने आणि कॉर्बीच्या पोलाद कारखान्याने घेतली. बाजारात मिळणारं मॉडेल बहुधा रेल्वेच्या हिरव्या रंगात असतं. त्याचं ॲशिंग्टनच्या कोळसा खाणीवरचं इंजिन करायचं तर धातू कापावा लागत नाही. नंबर पुसायचा, मालकाचा रंग द्यायचा, थोडे जोड-दागिने चढवायचे. मात्र एकच खरं इंजिन निवड, एकाच सालातलं. "साधारण खाणीवरचं" असं काही नसतं. त्यातून जे होतं ते कुठलंच नसतं.

नंबर पुसायला इनॅमल थिनर, कापसाची काडी आणि दात कोरायची लाकडी काडी. आधी चेसिसच्या खाली, दिसणार नाही तिथे, थेंब लावून बघ. कारखान्याचा रंग सुटतो की टिकतो ते कळेल. हाताने धरायचे प्लास्टिकचे जाड दांडे कापून पितळेच्या बारीक तारेचे बसव. या एका बदलाने मॉडेल जेवढं खरं दिसतं, तेवढं हजारांच्या सुट्या भागांनी दिसत नाही.

वजन वाढवण्याबद्दल माझी फजिती ऐक. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका इंजिनाच्या बॉनेटमध्ये शिशाचे छर्रे ठासून भरले आणि वरून सुतारकामाचा पांढरा गोंद ओतला. छान ओढायला लागलं. तीनेक वर्षांनी कपाट उघडतो तर बॉनेट पुरीसारखं टम्म फुगलेलं, शिवणी उसवलेल्या. शिसं आणि तो गोंद यांचं आतल्या आत रसायन चालू होतं. शिसं बसवायचं तर इपॉक्सीने, दोन आसांच्या मध्ये आणि शक्य तितकं खाली. मोटर कोमट लागेल इतपतच. हात लावून चटका बसला तर वजन काढ.

मॉडेल वापरातलं दिसावं म्हणून ते मळवणं हा माझा आवडता भाग. नवशिके लोक सगळीकडे काळा रंग फासतात. मळ काळा नसतो. तो तपकिरी असतो, राखाडी असतो, वाळलेल्या चिखलाचा असतो. काळा फक्त तेलाचा, आणि तोही जिथे सांडतो तिथेच. डिझेल भरायच्या झाकणाखाली ओघळ, बफरच्या तोंडावर ग्रीस, धुराड्याभोवती काजळी. पायरीच्या मध्यावर मात्र रंग उडून लोखंड चकाकतं, बुटांनी. केबिनच्या खिडकीच्या चौकटीवरही तसंच, जिथे ड्रायव्हर रोज कोपर टेकतो. मुंबईत वडाळ्याच्या यार्डाबाहेर लहानपणी शाळेची बस थांबायची, तेव्हा शंटरची ती चकाकती चौकट मी रोज बघायचो.

तू विचारलंयस, याच इंजिनाला भारतीय रंग देऊ का. माझं मन म्हणतं दे, पण फूटपट्टी म्हणते थांब. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. या स्केलमध्ये तो २२ मिमी व्हायला हवा आणि तुझे रूळ आहेत १६.५ मिमीचे. उंटाच्या पाठीवरचं खोगीर बकरीला घालायचं! खरं तर ओओ हे ब्रिटिशांसाठीही खोटंच आहे: त्यांच्या १४३५ मिमीसाठी १८.८३ मिमी हवेत. पण निदान सगळ्यांनी मिळून केलेली ती तडजोड आहे. वडाळ्याचं इंजिन करायचंच तर रूळही स्वतः ठोकावे लागतील. माझ्या मनात ते किती वर्षं आहे, विचारू नकोस.

पुढच्या शनिवारी ये. इंजिन, ती वॅगन आणि अडणारा सांधा, तिन्ही आण. स्विच माझ्याकडे आहे, सोल्डरिंग तू करशील. मी बाजूला बसून चुका काढीन.

तुझा,
काका

ता. क. शिशाला हात लावलास तर साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस. काकू चकल्या करणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो.