१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी आतल्या बेडरूममध्ये वायफाय रखडतं आणि रात्री कॉल तुटतात. प्लॅन वाढवू का?

इतक्यात वाढवू नका. तुम्ही लिहिलंय की फ्लॅट नव्या टॉवरमध्ये तीन बेडरूमचा आहे, फायबरचा राउटर दारामागच्या डीबीच्या (विजेच्या मुख्य स्विचबोर्डच्या) कपाटात आहे आणि ऑफिसचं काम अगदी शेवटच्या खोलीत चालतं. तिथे ८-१० चा स्पीड मिळतो, रात्री आठनंतर व्हिडिओ कॉल तुटतात, आणि इंटरनेटवाला ३०० चा प्लॅन सुचवतोय. राउटरपर्यंत १०० येऊन खोलीत १० पोचत असतील, तर राउटरपर्यंत ३०० आणले तरी खोलीत १०च पोचणार. म्हणून आधी दोष लाइनमध्ये आहे की घरातल्या वायफायमध्ये, एवढं ठरवा. त्याआधी एक रुपयाही खर्च करू नका.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास. दोन्ही वेळा ९० च्या वर आकडा आला, तर लाइन ठीक आहे. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा गिगाबिट लॅन अडॅप्टर मिळतो. तोही नसेल तर राउटरपासून दोन मीटरवर उभं राहून वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५) वेगवान अशा ५ गिगाहर्ट्‌झवर टेस्ट घ्या, साधारण अंदाज येतो. डाउनलोड करताना सेकंदाला १२ मेगाबाइट दिसले तर घाबरू नका, ते १०० मेगाबिटच असतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. पुढे कधी मोठा प्लॅन घेतलात आणि केबलवर आकडा ९४-९५ च्या पुढे सरकेना, तर पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो किंवा केबलच्या आठपैकी चारच तारा नीट जोडलेल्या असतात. केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर घाईत दाबून बसवला की हे हमखास होतं.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची, कारण कॉल तुटतो तो कमी स्पीडमुळे क्वचितच. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात, मात्र ते अखंड लागतात. केबल काढा, वायफाय चालू करा आणि नेहमीच्या खोलीत बसून कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता टाका; उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसतं. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला सापडेल. दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला लावा. विंडोजमध्ये पिंग चार वेळांनंतर थांबतं, ते चालू ठेवायला पत्त्यानंतर जागा सोडून डॅश आणि इंग्रजी टी (-t) जोडा. हे दोन्ही रात्रीच्या एखाद्या पूर्ण कॉलभर चालू राहू द्या.

राउटरचं पिंग २ ते ५ मिलिसेकंदांत स्थिर राहायला हवं. तेच मध्येच १५०-२०० वर उडत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. कंपनीला फोन करून काही हाती लागणार नाही. राउटर स्थिर आहे आणि फक्त ८.८.८.८ उड्या मारतंय, तर दोष राउटरच्या पलीकडचा.

पलीकडचा असला तरी तक्रारीआधी घरातले फोन बघा. रात्री सगळे घरी आले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, एखादा सीसीटीव्ही कॅमेराही रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत असतो. अपलोड भरला की तुमच्या आवाजाची डेटा-पाकिटं त्या रांगेत अडकतात आणि पिंग ३०० च्या वर जातं. बॅकअप थांबवून पाहा. त्याने फरक पडला तर राउटरच्या क्यूओएस (कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा तुम्हाला मिळणाऱ्या अपलोडच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा.

राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याची सेटिंग उघडतात; तिथल्या स्टेटस पानावर अपटाइमही, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे तेही, दिसतो. तुम्ही रिस्टार्ट न करता तो दोन-तीन तासांचाच दिसत असेल, तर राउटर मधूनमधून स्वतःच बंद होऊन चालू होतोय. अशा वेळी संशय राउटरच्या विजेच्या अडॅप्टरवर घ्यावा. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात. जुन्या अडॅप्टरमधले कपॅसिटर सुकले की भार वाढताच व्होल्टेज खाली येतं. बदलताना व्होल्ट आणि पिनची ध्रुवता तीच हवी. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.

राउटरच्या त्याच स्टेटस भागात ऑप्टिकल, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची, माहिती असते. तिथली आरएक्स पॉवर (राउटरपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असली तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास गेली की जोडणी काठावर आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं: कपाटाच्या दारात चेपलेली किंवा करकचून वळवलेली फायबर, हिरव्या कनेक्टरच्या टोकावरची धूळ, किंवा पावसाळ्यात डक्टमधल्या जॉइंट बॉक्समध्ये शिरलेलं पाणी. राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाहीये, मग थेट तक्रार करा. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘आरएक्स पॉवर उणे २८, रात्री नऊला केबलवर इतका स्पीड’ असं सांगितलं की काम लवकर हलतं. फायबरचं टोक मात्र उघडून डोळ्यांसमोर धरू नका. त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

तुमच्या वर्णनावरून मला खोट वायफायमध्येच असावी असं वाटतं, आणि मोठा दोषी तुमच्या भिंती आहेत. नव्या टॉवरांत बऱ्याचदा मायवान पद्धत वापरतात: ॲल्युमिनियमच्या साच्यांत सळ्या बांधून आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. विटांच्या भिंतीतून सिग्नल बऱ्यापैकी पार होतो. काँक्रीट आणि सळ्यांपुढे, विशेषतः ५ गिगाहर्ट्‌झचा, फार गळतो. कोकणातल्या जाड चिऱ्याच्या भिंतींच्या घरातही हाच त्रास. त्यात तुमचा राउटर कपाटात, डीबीच्या पत्र्याच्या झाकणाशेजारी. तो तिथे तापतो, ते वेगळंच.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप टाका आणि कामाच्या टेबलावर सिग्नल मोजा. आकडा डीबीएममध्ये दिसतो: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत कॉल छान चालतो, उणे ७५ च्या खाली रडतखडत, उणे ८० ला तुटणारच. आकडा दर ३ डेसिबलने घसरला की सिग्नल निम्मा होतो आणि १० डेसिबलने घसरला की दहावा हिस्सा उरतो. म्हणून राउटर नुसता कपाटाबाहेर काढून दीड-दोन मीटर उंचीवर मोकळा ठेवला, लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा मध्ये येऊ दिला नाही, तरी फरक जाणवतो. त्यासाठी इंटरनेटवाल्याकडून १०-१५ मीटरची फायबर पॅचकॉर्ड घालून घेता येते.

शेवटच्या खोलीपर्यंत मात्र एवढ्यानेही पोचेल असं वाटत नाही. तिथे केबल न्या, यासारखा खात्रीचा उपाय नाही. टॉवरच्या फ्लॅटमध्ये टीव्ही किंवा टेलिफोनसाठी बेडरूमपर्यंत रिकामा पाइप टाकलेला असतो. इलेक्ट्रिशियनला त्यातून कॅट-६ प्रकारची लॅन केबल ओढायला सांगा. २३० व्होल्टच्या तारा असलेल्या पाइपमधून ती नेऊ नका. सगळ्या तारा शुद्ध तांब्याच्या हव्यात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वाकवताना मोडते. खोलीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा, म्हणजे तो केबलवरून आलेलं नेट नुसतं वायफायवर देतो. जुन्या राउटरला तो मोड नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी चालू राहिला तर दोन राउटर फोनला वेगवेगळे पत्ते वाटत बसतात आणि नेट अधूनमधून गायब होतं. या एका चुकीपायी लोक आठवडे घालवतात. दोन्ही राउटरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड सारखेच ठेवा, चॅनल मात्र वेगळे.

वायफायचा सिग्नल पकडून पुढे देणारा, भिंतीच्या सॉकेटला लावायचा स्वस्त रिपीटर शक्यतो घेऊ नका. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि पुढे सांगायचं असल्याने त्याचा वेग जवळपास निम्मा होतो. केबल ओढणं अशक्यच असेल तर ट्राय-बँड मेश (आपसात वेगळ्या रेडिओवर बोलणाऱ्या दोन-तीन नगांचा वायफाय संच) घ्या, आणि त्याचा दुसरा नग मधल्या जागी ठेवा, जिथे सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे. जिथे सिग्नलच नाही त्या खोलीत तो ठेवला तर तो पुढे काय देणार?

आता रात्री आठनंतरचा प्रश्न. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. टॉवरमध्ये तुमच्या फोनला वीस-तीस शेजाऱ्यांचे राउटर दिसत असतील, आणि संध्याकाळी ते सगळेच कामाला लागतात. ॲपमध्ये बघून त्या तिघांतला सर्वांत मोकळा निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. ३ किंवा ४ रिकामा दिसला तरी घेऊ नका. एकाच चॅनलवरचे राउटर निदान पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवर दोघांना एकमेकांचं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट होतो. मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे जेवण गरम करतानाच कॉल अडखळत असेल तर कारण तेच.

त्यापेक्षा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवरच न्या. राउटरमध्ये दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या (दोन राउटर असले तर दोन्हीवर तीच जोडी), म्हणजे लॅपटॉप आपोआप २.४ वर घसरणार नाही. स्मार्ट बल्ब आणि प्रिंटर २.४ वर राहू द्या. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला ठेवा. ५२ ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारसारखी खूण ऐकू आली की राउटरला तो चॅनल लगेच सोडावा लागतो, आणि दुसऱ्या तशाच चॅनलवर गेला तर निदान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. ५ गिगाहर्ट्‌झचं नाव अचानक नाहीसं होऊन मिनिटभराने परत येत असेल, तर हे तपासा.

राउटरच्या सुरक्षेच्या पानावर टीकेआयपी ही जुनी सुरक्षा-पद्धत निवडलेली असेल तर ती बदलून डब्ल्यूपीए२ एईएस करा. टीकेआयपीवर वायफायची जोडणी ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) बदलल्याने साइट उघडायला लागणारा वेळ थोडा कमी होऊ शकतो, स्पीड वाढत नाही.

आणि लॅपटॉपही तपासा. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड ७२ दिसत असेल, तर तो २.४ वर एकाच अँटेनाने बोलतोय आणि हातात ३५-४० च्या वर पडणार नाही. ५ गिगाहर्ट्‌झचं नाव त्याला दिसतच नसेल, तर जुन्या लॅपटॉपसाठी ड्युअल बँडचा (दोन्ही पट्ट्यांवर चालणारा) यूएसबी वायफाय अडॅप्टर हा प्लॅन वाढवण्यापेक्षा स्वस्त आणि एकदाचाच खर्च आहे.