पूजेची पाळी, पालखीचा मान आणि कोर्ट

तुमच्या प्रश्नात तीन वेगळी भांडणं एकत्र झाली आहेत, म्हणून आधी ती सुटी करतो. ग्रामदेवतेची पूजा चार घरांकडे पाळीने चालत आली आहे आणि आता ट्रस्टने पगारी पुजारी नेमायचा ठराव केला आहे, हे पहिलं. शिमग्यात पालखीला पहिला खांदा द्यायचा तुमच्या घराचा मान यंदा दुसऱ्या घराला गेला, हे दुसरं. आणि चुलत्यांच्या मागे त्यांची मुलगी पाळी मागते आहे, तिला भावकीतलेच काही जण अडवताहेत, हे तिसरं. तुम्ही विचारता, "आमची वहिवाट शंभर वर्षांची आहे, कोर्ट ती मोडू देईल का?"

तालुका कोर्टात आणि धर्मादाय कार्यालयात अशी प्रकरणं बरीच वर्षं चालवतो आहे, त्यावरून सांगतो. 'वहिवाट' म्हणून सगळं गाठोडं न्यायाधीशासमोर ठेवलंत तर हाती काही लागत नाही. देवाचं कोणतं काम तुमच्या घराकडे होतं, हे कोर्ट बघतं. काम असेल तर त्याच्या आधाराने मान, नैवेद्य, उत्पन्नाचा वाटा या गोष्टीही टिकू शकतात. नुसता मान असेल तर दावा दारातच अडतो.

पालखीचं आधी संपवतो, कारण त्यात तुमची बाजू सगळ्यात लंगडी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 9 सांगतं की एखाद्या पदाचा हक्क धार्मिक विधींच्या प्रश्नांवर अवलंबून असला तरी त्याचा दावा दिवाणी कोर्टात चालतो. 1976 च्या दुरुस्तीनंतर त्या पदाला दक्षिणा किंवा उत्पन्न जोडलेलं असलंच पाहिजे असंही नाही. पण पद हवं. तमिळनाडूतल्या आळ्वारतिरुनगरीच्या देवळात तीर्थप्रसादाचा आणि इतर मानाचा असाच वाद झाला होता. 1961 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पदाला चिकटलेला मान मागता येतो, मोकळ्या मानासाठी दावा नाही. तुमच्या घराकडे पालखी सजवणं, देव पालखीत बसवणं, परत गाभाऱ्यात नेणं यातलं काही नेमून दिलेलं होतं का, ते जुन्या माणसांना विचारा. असेल तर दावा त्या सेवेचा मांडा, खांदा त्यामागून येईल. नसेल तर गावात बसून मिटवा. दरवर्षी तहसीलदारांकडे धावलात तर ते शांतताभंगाच्या भीतीने मनाई हुकूम काढतील आणि पालखी देवळातच राहील. त्या हुकुमाने कोणाचाच हक्क ठरत नाही, फक्त देवाचा सण बुडतो. असं झालेलं गाव पाहिलं की जीव तुटतो.

आता पाळी. इथे तुमची बाजू चांगली आहे, मात्र कागद हवा. रूढी फार जुनी, अखंड, निश्चित आणि वाजवी असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि 'निश्चित' या शब्दावर बहुतेक दावे घसरतात. चार साक्षीदार चार महिने सांगतात. कोणी म्हणतो आमची पाळी श्रावणापासून, कोणी म्हणतो चैत्रापासून. मी पाहिलेल्या प्रकरणांतला सगळ्यात उपयोगी पुरावा सनद नव्हता, भांड्यांची वही होता. पाळी बदलताना समया, घंगाळ, ताम्हन, पळी, देवीचा चांदीचा मुखवटा मोजून पुढच्या घराच्या ताब्यात द्यायचा आणि खाली दोघांनी सह्या करायच्या, अशी रीत त्या गावात होती. मुखवट्याचं वजन तोळ्यांत, समईचा एक कान तुटलेला, तिथी, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. कोणाची पाळी कधी सुरू होऊन कधी संपली, हे त्या वहीने वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. तुमच्याकडे अशी वही, देवळाच्या जमाखर्चाचं बाड, मोडीतला हुकूमनामा, इनामाचा कागद यातलं काय आहे ते शोधा. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण मूळ कागद हातचा सोडू नका.

ट्रस्टच्या ठरावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घराण्याकडे चालत आलेलं पूजेचं पद विश्वस्तांच्या बैठकीतल्या बहुमताने संपत नाही. तरीही धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा, नोंदणीच्या वेळचा मूळ अर्ज आणि देवस्थानची योजना मंजूर झाली असेल तर तिची नक्कल आधी काढा. त्या अर्जात तुमच्या आजोबांच्या पिढीने 'पूजा ट्रस्टतर्फे नेमलेल्या पुजाऱ्याने करावयाची' असं लिहून दिलं असेल तर दावा बराच अवघड होतो. ट्रस्ट आहे की नाही, मिळकत कोणाची, विश्वस्त कोण, हे प्रश्न सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडचे, त्यात कलम 80 मुळे दिवाणी कोर्ट पडत नाही. तुमच्या पदाचा हक्क हा वेगळा प्रश्न आहे आणि तो दिवाणी कोर्टात नेता येतो. दाव्याच्या मजकुरात या दोन्हींची सरमिसळ केलीत तर समोरचा वकील अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच काही वर्षं खाईल.

'कोर्टाने परंपरा राखलीच पाहिजे' असं तुम्ही फार विश्वासाने लिहिलंय, म्हणून पंढरपूरचं सांगतो. विठ्ठल मंदिरात बडव्यांचा ताबा होता, रुक्मिणीच्या मंदिरात उत्पातांचा, आणि विठ्ठलाच्या सेवेला सात सेवाधारी घराणी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. एक पूजा करणार, एक मंत्र म्हणणार, एक स्नानाचं पाणी आणणार, एक पदं गाणार, एक आरसा दाखवणार, एक दिवटी धरणार, एक चोप (मानाचा दंड) घेऊन उभा राहणार. यापेक्षा नेमकी वाटणी दुसरीकडे क्वचित सापडेल. बडवे आणि सेवाधारी आपसातही पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडले. पण देवापुढे येणाऱ्या उत्पन्नाचे लिलाव आणि भाविकांशी होणारी वागणूक यांवरून तक्रारी वाढत गेल्या, सरकारने नाडकर्णी आयोग नेमला आणि पुढे पंढरपूर मंदिरे अधिनियम, 1973 आला. त्या एका कायद्याने सगळ्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. कज्जा सुमारे चार दशकं चालला आणि जानेवारी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टात संपला. त्यानंतर मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी सर्व जातींतून आणि महिलांकडूनही अर्ज मागवले. मला हे योग्यच झालं असं वाटतं. ज्या देवाच्या दारी चोखोबा बाहेर उभे राहिले आणि ज्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, तिथे सेवेचा अधिकार जन्माने ठरणं फार दिवस चालणार नव्हतं.

नेमक्या त्याच जानेवारीत तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिरात उलट निकाल लागला. तिथले पुजारी, म्हणजे पोदु दीक्षितर, जिंकले आणि सरकारने नेमलेला कार्यकारी अधिकारी गेला. याचं कारण नीट समजून घ्या. दीक्षितर हा स्वतंत्र धार्मिक संप्रदाय आहे असं मद्रास हायकोर्टाने 1951 मध्येच ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे संप्रदायाला आपला धार्मिक कारभार स्वतः पाहू देणाऱ्या घटनेच्या कलम 26 चं संरक्षण त्यांना मिळालं. शिवाय गैरकारभार सुधारण्यासाठी सरकार आलं तरी कायमचं बसून राहू शकत नाही, असं कोर्टाने म्हटलं. बडवे संप्रदाय नव्हते, सगळ्या वारकऱ्यांच्या देवाचे सेवेकरी होते. तुमची चार घरंही संप्रदाय नाहीत. पुजारी वंशपरंपरेने नेमणं हा धर्माचा भाग नाही, ही ऐहिक बाब आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या 1972 च्या शेषम्माळ निकालापासून कोर्ट सांगत आलं आहे. म्हणजे विधिमंडळाने तुमच्या देवस्थानासाठी कायदा केला तर तुमचा हक्क जाऊ शकतो. आज तसा कायदा नाही, म्हणून तो उभा आहे. हक्क असेपर्यंत पूजा नेमाने आणि स्वच्छ हिशेबाने करा. चुकवलेली पाळी समोरच्याच्या हातात पुरावा म्हणून जाते.

चुलतबहिणीच्या बाबतीत तिच्या बाजूने उभे राहा. 1955 साली राजकाली कुंवर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की पुजाऱ्याचं वंशपरंपरागत पद बाईकडे येऊ शकतं आणि प्रत्यक्ष विधी ती प्रतिनिधीकडून करून घेऊ शकते. ती स्वतः पूजा करते म्हणत असेल तर मला त्यात गैर काही दिसत नाही. पण याहून व्यवहारी गोष्ट अशी की तिला डावलून तीन घरांनी पाळ्या वाटून घेतल्या तर उद्या तीच ट्रस्टची साक्षीदार होईल. समझोता झाला तर तो साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवू नका. राजस्थानातल्या लाडनूच्या मंदिराच्या वादात 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने पूजेच्या वंशपरंपरागत पाळीला स्थावर मिळकतीच्या रांगेत बसवलं आणि नोंदणी नसलेला दस्त बाजूला ठेवला. पाळीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच.

देवस्थान इनामाच्या जमिनीवर मात्र मालकी सांगू नका. सातबाऱ्यावर मालक देवच. पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा, हे 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं आहे. पाळीच्या दाव्यात जमिनीचा हव्यास दिसला की पूजेबद्दलचं तुमचं म्हणणंही पातळ होतं.

मुदतीचंही ध्यानात ठेवा. वंशपरंपरागत पदाचा ताबा परत मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 107 प्रमाणे 12 वर्षं मिळतात, दुसऱ्याने तुमच्याविरुद्ध पद ताब्यात घेतल्यापासून. पण पगारी पुजारी गाभाऱ्यात रुळल्यावर मनाई हुकूम मिळणं कठीण जातं. म्हणून ठरावाची प्रमाणित नक्कल याच आठवड्यात लेखी मागा, दिली नाही तर स्पीड पोस्टाने मागा, आणि पावती जपून ठेवा. तुमची पुढची पाळी कधी सुरू होते ते इथे कळवा. दावा आणि तूर्तातूर्त (निकाल लागेपर्यंतच्या) मनाईचा अर्ज त्याच्या आत दाखल व्हायला हवा.