मूळ टेप टाकून द्यायच्या का?

प्रश्न : ताई, आमच्या लहानशा संग्रहालयात मुलाखतींच्या दीडशे कॅसेट, काही स्पूल (उघड्या चकत्यांवरच्या टेप) आणि थोड्या व्हीएचएस टेप आहेत. मुलाखतींचं सगळं एमपी३ करून घेतलं. आता कपाट रिकामं करायचंय. मूळ टेप टाकल्या तर चालेल?

उत्तर : नाही हो, कृपा करून टाकू नका. एमपी३ करताना आवाजातला बराच भाग कायमचा गाळला जातो. पाहुण्यांना ऐकवायला ती फाइल ठीक आहे, जपून ठेवायला नाही. जपायची प्रत वेव्ह फाइलमध्ये करा : २४ बिट, निदान ४८ किलोहर्ट्झ, जमल्यास ९६ (आकडे जितके मोठे, तितका आवाज बारकाईनं नोंदला जातो). ९६ वरही स्टिरिओचा तास साधारण २ जीबीत मावतो, म्हणजे तुमच्या दीडशे कॅसेट एका साध्या हार्डडिस्कवर बसतील.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका आजींची मुलाखत माझ्याकडे आली, तीही आधी कुणीतरी उतरवून घेतलेली. आवाज घोगरा, दबलेला. वयामुळे असेल, असं सगळे धरून चालले होते. मूळ कॅसेट लावली आणि कॅसेट डेकच्या हेडशेजारचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाशेजारचा, बारीक स्क्रू किंचित फिरवला. हेडचा कोन टेपशी जुळला आणि आजींचे ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले! मुलाखत घेणाऱ्यानं वहीचं पान उलटलं, तेसुद्धा. मूळ कॅसेट फेकली असती तर आजींचा आवाज घोगराच राहिला असता.

तेव्हा पुन्हा उतरवा, पण जपून. आधी कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे छोटे टॅब मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. स्पूल चालताना किंचाळू लागला, हेडवर तपकिरी चिकट थर दिसला, तर तिथेच थांबवा. दमटपणानं टेपवरचा लेप सुटत असतो. अशी टेप मंद उष्णता देऊन तात्पुरती चालवता येते, पण ते जाणकाराचं काम, घरच्या ओव्हनचं नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर तो स्पूल लगेच वेगळा ठेवा. बाकी टेप उभ्या, कोरड्या, थंड जागी.

व्हीएचएसला मात्र आधी हात घाला. २०१६ साली व्हीसीआर, म्हणजे या टेप चालवणारं यंत्र, बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनंही ते बनवणं थांबवलं. चालू स्थितीतलं यंत्र आज हाताशी असेल तर उद्यावर ढकलू नका.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या इमारतीत. कॅसेटच्या वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बोलणाऱ्याचं नाव बहुधा तिथेच, पेन्सिलीनं लिहिलेलं सापडतं.